वाटाघाटीच्या टेबलावर कामगाराचा विश्वास का बसत नाही?

विमान कंपनीतील कर्मचाऱ्यांनी संपाची नोटीस दिली किंवा सामुदायिक रजा टाकली, की दुसऱ्या दिवशीचे मथळे ठरलेले असतात. 'प्रवासी वेठीस', 'ऐन सुट्टीत हाल', 'लाखाचे पगार तरी संप'. बॅगांवर डोके ठेवून झोपलेल्या प्रवाशांची छायाचित्रे छापून येतात. त्या प्रवाशांचे हाल खरेच असतात, ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु संपाच्या आधी वर्षभर काय चालले होते, किती निवेदने दिली गेली, किती बैठका ठरून रद्द झाल्या, कोणाला नोटीस देऊन घरी पाठवले गेले, याचा शोध घ्यावा असे भांडवली वृत्तपत्रांना वाटत नाही. शेवटी अग्रलेखात एक गुळगुळीत वाक्य येते, की कर्मचारी आणि व्यवस्थापन यांच्यात विश्वासाचा अभाव आहे. जणू विश्वास म्हणजे पाऊस आणि यंदा तो कमी पडला!

आमचे म्हणणे असे आहे की हा अविश्वास आभाळातून पडत नाही. तो तयार केला जातो. तो कोण तयार करतो, कसा करतो आणि त्यात कायद्याचा हात किती, हे तपासल्याशिवाय या विषयावर बोलण्यात अर्थ नाही.

इंदापूर-बारामतीच्या वाचकाला प्रश्न पडेल, की विमानाशी आपला संबंध काय? संबंध आहे. बारामतीच्या धावपट्टीवरून वैमानिक प्रशिक्षणाची विमाने उडतात आणि ती आपल्या शेतांवरून घिरट्या घालतात. २५ जुलै २०२२ रोजी त्यातले एक विमान आपल्याच तालुक्यातील कडबनवाडीच्या शिवारात कोसळले होते. पण खरा संबंध वेगळाच आहे. विमानतळावर विमान चालवणारे थोडे असतात. सामान चढवणारे, विमान झाडणारे, शौचालये धुणारे, ट्रॉल्या ढकलणारे आणि पहारा देणारे पुष्कळ असतात. ते कोणत्या वस्तीतून येतात हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. शिवाय भिगवणचा कागद कारखाना असो, भवानीनगरचा साखर कारखाना असो की एमआयडीसीतील एखादे वर्कशॉप, मालक आणि कामगार समोरासमोर बसतात ते टेबल सगळीकडे सारखेच असते. विमान कंपनीत त्यावर पाण्याची बाटली थोडी भारी असते, इतकाच फरक.

सुरुवात मुंबईच्या जेट एअरवेजपासून करू. मे १९९३ मध्ये तिची उड्डाणे सुरू झाली. खाजगीकरणाचे गोडवे गाणाऱ्यांसाठी ती कंपनी म्हणजे आदर्श नमुना होता. ऑक्टोबर २००८ मध्ये या कंपनीने एका फटक्यात शेकडो कर्मचाऱ्यांना कामावरून काढले. बहुतेक जण केबिन क्रूमधली तरुण मुले-मुली, नोकरीत कायम न झालेली. गणवेश घालून कामावर जायला निघालेल्यांना कळले की आपली नोकरी गेली. मुले-मुली रस्त्यावर उतरली, राजकीय पक्ष धावले, विमाने उडू देणार नाही अशा धमक्या झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी रात्री मालकांनी सर्वांना परत घेतल्याचे जाहीर केले. वाचकांनी येथे थांबून विचार करावा. काढताना कोणाशी चर्चा नाही, घेतानाही कोणाशी चर्चा नाही. या घटनेतून कर्मचारी काय शिकला? बैठकीने काही होत नाही, रस्त्यावर उतरल्यानेच होते, हेच शिकला. हा धडा त्याला युनियनने दिला नाही, तो मालकाने दिला.

पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, जेटच्या वैमानिकांनी 'नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड' या नावाने संघटना नोंदवली. संघटना नोंदवणे हा तेव्हा १९२६ च्या कामगार संघटना कायद्याने दिलेला हक्क होता आणि संघटना स्थापण्याचे स्वातंत्र्य संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने दिलेले आहे. नोंदणीनंतर थोड्याच दिवसांत संघटनेच्या उभारणीत पुढे असलेल्या दोन वैमानिकांना कंपनीने काढून टाकले. संघटनेने संपाची नोटीस दिली. प्रकरण समेट अधिकाऱ्याकडे गेले. समेट चालू असताना संप करता येत नाही, म्हणून ८ सप्टेंबरपासून शेकडो वैमानिक एकाच वेळी 'आजारी' पडले. मुंबई उच्च न्यायालयाने संपाला मनाई केली, अवमानाच्या नोटिसा निघाल्या, संपकाळात आणखी काही जणांना काढले गेले. पाच दिवस विमाने जमिनीवर राहिली, शेकडो उड्डाणे रद्द झाली आणि अखेर काढलेल्यांना परत घेऊन, वैमानिक व व्यवस्थापन यांचा संयुक्त सल्लागार गट नेमून तडजोड झाली.

आता प्रश्न असा, की हा गट पाच दिवसांच्या नुकसानीनंतर नेमता आला, तर तो आधी का नेमता आला नाही? उत्तर सरळ आहे. मालकाला चर्चेला हरकत नव्हती, संघटनेला हरकत होती. एकेकट्या नोकराशी बोलायला मालक नेहमी तयार असतो, त्याच्या खांद्यावर हातही ठेवतो. तोच नोकर दहा जणांचा प्रतिनिधी म्हणून समोर बसला की मालकाला त्यात बंडखोर दिसतो. आपल्या समाजाला हे वेगळे समजावून सांगायला नको. गावच्या पाटलाला एकटा महार चालत होता. त्याचे संघटित होणे तेवढे चालत नव्हते.

जेटची पुढची कथा अधिक बोलकी आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये कर्मचाऱ्यांना पगारकपात मान्य करा असे सांगण्यात आले. कंपनीकडे जेमतेम साठ दिवसांचे पैसे उरले आहेत, अशा बातम्या आल्या. कंपनीने त्या बातम्यांचा इन्कार केला. त्याच महिन्यात तिमाहीचे आर्थिक निकालही पुढे ढकलले. म्हणजे कर्मचाऱ्याला त्याग करायला सांगायचे आणि तो कशासाठी, हे दाखवणाऱ्या वह्या मात्र बंद ठेवायच्या. अशा वेळी कर्मचाऱ्याने कशावर विश्वास ठेवायचा? २०१९ च्या सुरुवातीपासून वैमानिक आणि इंजिनिअर यांचे पगार थांबले. संघटनेने १ एप्रिलपासून उड्डाण न करण्याचा इशारा दिला, तो पुढे ढकलला, परत पुढे ढकलला. कंपनी वाचावी म्हणून पगार नसताना माणसे काम करत राहिली. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून आलेले शेवटचे विमान मुंबईत उतरले आणि हजारो कुटुंबांची चूल अडचणीत आली.

त्यानंतर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची पूर्ण रक्कम मिळावी म्हणून कर्मचाऱ्यांना अपील न्यायाधिकरणापर्यंत जावे लागले. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. तरीही कंपनी उभी राहिली नाही आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अवसायनात काढण्याचा आदेश दिला. ज्यांनी कंपनी वाचवण्यासाठी पगार सोडला, ते साडेपाच वर्षांनंतरही न्यायालयाच्या पायऱ्या झिजवत होते. हा अनुभव गाठीशी असलेला माणूस उद्या दुसऱ्या कंपनीत जाईल आणि तेथील मालक 'कंपनी अडचणीत आहे, थोडे सहन करा' म्हणेल, तेव्हा तो माणूस मान डोलावेल काय?

खाजगी कंपनी अशीच असते, सरकारी बरी, असे कोणी म्हणेल. एअर इंडियाचा इतिहास पाहू. १९५३ च्या कायद्याने विमान वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांचे विलीनीकरण झाले. कागदावर कंपनी एक, पण पगार, बढत्या, भत्ते आणि सेवाज्येष्ठता या सगळ्या गोष्टी दोन. त्यांची जुळवणी सुचवण्यासाठी न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमली ती २०११ मध्ये, म्हणजे चार वर्षांनी. त्याच वर्षी पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी दहा दिवसांचा संप केला. २०१२ मध्ये पूर्वीच्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी ५८ दिवसांचा संप केला आणि त्याचे एक मुख्य कारण होते, नव्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण दुसऱ्या गटाच्या वैमानिकांना देऊ नये! शंभरावर वैमानिकांना काढले गेले, संघटनेची मान्यता गेली आणि दिल्ली उच्च न्यायालयाच्या मध्यस्थीने संप मिटला.

येथे कामगारांच्या बाजूचाही हिशेब मांडला पाहिजे. 'आमच्या विमानाचे प्रशिक्षण त्यांना नको' ही मागणी कामगारवर्गाच्या एकजुटीची नव्हती, ती पायरी टिकवण्याची होती. वरच्या पायरीवरच्याला खालच्या पायरीवरच्याची भीती वाटते आणि दोघांच्या भांडणात जिना बांधणारा सुरक्षित राहतो. बाबासाहेबांनी जातीला श्रमाची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी म्हटले, ते येथे लागू पडते. व्यवस्थापनाने विलीनीकरण अर्धवट ठेवले हा व्यवस्थापनाचा दोष. त्या अर्धवटपणात आपापली ज्येष्ठता कुरवाळत बसणे हा संघटनांचा दोष.

यथावकाश सरकारने या कंपनीतून अंग काढून घेतले. ८ ऑक्टोबर २०२१ रोजी १८ हजार कोटींची बोली मान्य झाली आणि २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटांच्या ताब्यात गेली. कर्मचाऱ्यांना हमी काय मिळाली? एक वर्ष कोणाला काढणार नाही, दुसऱ्या वर्षी काढायचे झाल्यास स्वेच्छानिवृत्तीचा पर्याय देऊ. मुंबईत कलिना येथील वसाहतीत राहणाऱ्या कर्मचाऱ्यांना सहा महिन्यांत घरे रिकामी करण्यास सांगण्यात आले. आणि ज्या गोष्टीबद्दल मोठ्या युनियनांनी अवाक्षर काढले नाही ती अशी, की त्या तारखेपासून कंपनीच्या नव्या भरतीतील आरक्षण संपले. वाटाघाटीच्या टेबलावर आरक्षण हा विषयच नव्हता, कारण ज्यांचा तो विषय होता ते टेबलाशी नव्हते.

वकील म्हणून एक प्रकरण मला फार महत्त्वाचे वाटते. एअर इंडियाच्या काही केबिन क्रू कर्मचाऱ्यांनी बढत्या आणि वेतन यांतील अन्यायाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका केल्या होत्या. तेव्हा कंपनी सरकारी होती, म्हणून रिट चालत होती. याचिका वर्षानुवर्षे पडून राहिल्या. मध्यंतरी कंपनी विकली गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितले, की आता कंपनी 'राज्य' या व्याख्येत बसत नाही, रिट चालणार नाही. १६ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तोच निर्णय कायम केला आणि दुसऱ्या मंचाकडे जाण्याची मुभा ठेवली. कायद्याच्या दृष्टीने निकाल समजण्यासारखा आहे. पण त्या कर्मचाऱ्याच्या जागी बसून पाहा. दाद मागितली तेव्हा दार उघडे होते, निकालाची वेळ आली तेव्हा दारच भिंतीत गेले होते. व्यवस्थापनाने 'कोर्टात जा' असे म्हटले की कर्मचारी हसतो, ते उगीच नाही.

आता अलीकडची घटना. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या केबिन क्रूने सामुदायिक आजारपणाची रजा टाकली. शंभराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. कंपनीने २५ जणांना तडकाफडकी काढले आणि ९ मे रोजी दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांसमोर झालेल्या बैठकीत सर्वांना परत घेण्याचे मान्य केले. जेटची २००९ ची गोष्ट जशीच्या तशी! पण यात एक कागद असा आहे की तो प्रत्येक युनियन कार्यकर्त्याने लक्षात ठेवावा. संपाच्या आधीच दिल्लीच्या प्रादेशिक कामगार आयुक्तांनी कंपनीला पत्र लिहून कर्मचाऱ्यांच्या तक्रारींत तथ्य असल्याचे सांगितले होते आणि समेटाच्या बैठकीला निर्णय घेऊ शकेल अशी जबाबदार व्यक्ती व्यवस्थापनाने पाठवली नाही, यावर बोट ठेवले होते.

हे वाचून प्रस्तुत लेखकाला आश्चर्य वाटले नाही. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यातील कंत्राटी कामगारांच्या वतीने मी समेट अधिकाऱ्यासमोर बसत होतो. चार तारखांना मालकाकडून चार वेगवेगळी माणसे आली. प्रत्येक जण वहीत लिहून घेई आणि म्हणे, "साहेबांना विचारून सांगतो." साहेब कोण, ते शेवटपर्यंत कळले नाही. कामगार मात्र प्रत्येक तारखेला एका दिवसाची मजुरी बुडवून येत होते. चौथ्या तारखेनंतर त्यातला एक वयस्कर सफाई कामगार मला म्हणाला, "वकीलसाहेब, ह्यो खेळ आपल्याला दमवायचा हाय." औद्योगिक कायद्यावरची जाडजूड पुस्तके जे सांगत नाहीत, ते त्याने एका वाक्यात सांगितले.

कायदा काय म्हणत होता? १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हवाई वाहतूक ही सार्वजनिक उपयोगाची सेवा होती. म्हणून नोटीस दिल्याशिवाय संप नाही, नोटिशीनंतर चौदा दिवस संप नाही, समेट चालू असताना आणि संपल्यावर सात दिवस संप नाही. त्याच कायद्याने मालकावरही बंधन होते, की समेट चालू असताना सेवाशर्ती बदलू नयेत आणि वादाशी संबंधित कारणावरून परवानगीशिवाय कोणाला काढू नये. मान्यताप्राप्त संघटनेशी प्रामाणिकपणे वाटाघाटी न करणे ही अनुचित कामगार प्रथा ठरवलेली होती. कागदावर तराजू समतोल दिसतो. व्यवहारात मात्र कामगाराने बंधन मोडले तर चोवीस तासांत उच्च न्यायालयाची मनाई येते. मालकाने मोडले तर कामगाराला तक्रार, संदर्भ, न्यायाधिकरण, पुरावा, अपील अशी वर्षानुवर्षांची वाट चालावी लागते. दोन्ही हात बांधले असे म्हणायचे आणि एकाची गाठ सरकफास ठेवायची, असा हा प्रकार आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४७ चा कायदा जाऊन औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. आता नोटिशीचे आणि समेटकाळातील संपबंदीचे बंधन केवळ सार्वजनिक सेवांना नाही, सर्वच औद्योगिक आस्थापनांना आहे. म्हणजे जे वैमानिकाला होते ते आता इंदापूरच्या कामगारालाही आहे. निम्मे किंवा अधिक कामगार एकाच दिवशी ठरवून किरकोळ रजेवर गेले तर तोही संप मानला जाईल. कपात आणि कारखाना बंद करण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी घेण्याची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर गेली आहे. दुसरीकडे, ५१ टक्के सदस्य असलेल्या संघटनेला वाटाघाटीची संघटना म्हणून मान्यता देण्याची तरतूद आली. तेवढे सदस्य कोणाकडेच नसतील तर २० टक्क्यांवरच्या संघटनांची वाटाघाटी परिषद होईल.

येथे बाबासाहेबांची आठवण अपरिहार्य आहे, आणि ती पुतळ्याला हार घालण्यासाठी नव्हे. १९३८ मध्ये मुंबई सरकारने औद्योगिक कलहाचे विधेयक आणले. सक्तीच्या समेटाच्या नावाखाली संपाचा हक्क आवळणाऱ्या त्या विधेयकाला बाबासाहेबांनी विधिमंडळात कडाडून विरोध केला. मजुराला त्याच्या इच्छेविरुद्ध कामाला जुंपणे ही गुलामगिरी आहे, अशी त्यांची भूमिका होती. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांसह संपात उतरला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी सरकार, मालक आणि मजूर यांच्या त्रिपक्षीय परिषदांना बळ दिले आणि नोव्हेंबर १९४३ मध्ये, मालकाने कामगार संघटनेला मान्यता दिलीच पाहिजे, यासाठी विधेयक मांडले. १९४७ मध्ये तशी दुरुस्ती मंजूरही झाली, पण ती अंमलात कधी आणलीच गेली नाही. सक्तीच्या मान्यतेचा तो विचार देशपातळीवर कायद्यात उतरायला २०२५ साल उजाडले आणि त्यासोबत संपाच्या हक्काची किंमतही वसूल केली गेली. १९३८ चा बाबासाहेबांचा आक्षेप आणि १९४३ ची त्यांची मागणी एकत्र वाचली, तर नव्या संहितेकडे कसे पाहायचे याचे भान येते. मान्यता हवी, पण हात बांधून नको.

काही कार्यकर्ते विचारतात, की लाखो रुपये पगार घेणाऱ्या वैमानिकांसाठी आपण का रडावे? रडू नये. पण समजून घ्यावे. लाखो रुपये पगार, इंग्रजी भाषा, हाताशी मोठे वकील, आणि देशभर बातमी होण्याची ताकद असलेल्या माणसाला जर संघटना नोंदवल्याबद्दल घरी पाठवता येत असेल, तर विमान झाडणाऱ्याचे काय? त्याचे काय होते, हेही कायद्याच्या इतिहासात लिहिलेले आहे. ९ डिसेंबर १९७६ रोजी केंद्र सरकारने इमारतींची झाडलोट, सफाई आणि पहारा या कामांत कंत्राटी कामगार ठेवण्यास मनाई करणारी अधिसूचना काढली. एअर इंडियाने ती पाळली नाही. कामगार न्यायालयात गेले. तब्बल वीस वर्षांनी, १९९६ च्या अखेरीस, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कंत्राट बेकायदा ठरले तर कामगार मूळ कंपनीत सामावले पाहिजेत. हा निकाल जेमतेम पावणेपाच वर्षे टिकला. ३० ऑगस्ट २००१ रोजी स्टील अथॉरिटीच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो फिरवला आणि १९७६ ची अधिसूचनाही पुढील काळासाठी रद्द केली. वैमानिकांच्या पाच दिवसांवर रकाने भरभरून लिहिले गेले. झाडूवाल्याच्या या पंचवीस वर्षांवर किती लिहिले गेले?

आणि आज? जुलै २०२४ मध्ये कलिना येथे विमानतळावरील सामान हाताळणीच्या ठरावीक मुदतीच्या कंत्राटी नोकरीसाठी हजारो तरुण जमले आणि चेंगराचेंगरीची वेळ आली. ज्याला मुदतबंद कंत्राटासाठी असे रेटारेटी करावी लागते, तो उद्या व्यवस्थापनासमोर बसून काय वाटाघाटी करणार? त्याच्या मौनाला विश्वास समजणे ही शुद्ध लबाडी आहे.

व्यवस्थापनाची बाजू अगदीच नाही असे आम्ही म्हणत नाही. इंधन महाग, स्पर्धा तीव्र, विमाने भाड्याची. कर्मचाऱ्यांनीही खोट्या आजारपणाचे दाखले दिले की त्यांच्या खऱ्या तक्रारीची धार बोथट होते. पण 'युनियन आली की कंपनी बुडते' हा प्रचार खोटा आहे. अमेरिकेतील साउथवेस्ट या विमान कंपनीत बहुसंख्य कर्मचारी युनियनचे सदस्य आहेत आणि त्या कंपनीने १९७३ ते २०१९ अशी सलग ४७ वर्षे नफा मिळवला. त्याच अमेरिकेत ऑगस्ट १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी संपावर गेलेल्या अकरा हजारांहून अधिक हवाई नियंत्रकांना एकदम बडतर्फ केले आणि तेव्हापासून तेथील मालकांची भीड चेपली. आपल्याकडे जेट आणि किंगफिशर बुडाल्या, त्या युनियनमुळे नव्हे, कर्जामुळे आणि कारभारामुळे.

शिवाय हा नुसता पगाराचा प्रश्न नाही. थकलेल्या वैमानिकाच्या हातात शे-दोनशे जीव असतात. वैमानिकांच्या संघटना विश्रांतीच्या नियमांसाठी दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा कुठे आठवड्याला ४८ तास विश्रांती आणि रात्रीच्या उतरण्यांवर मर्यादा असे नियम २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने लागू झाले. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. वर्षभर आधी ठाऊक असलेल्या नियमांसाठी पुरेशी तयारी नव्हती. मग काय झाले? कंपनीला नियमांतून तात्पुरती सूट मिळाली. कामगाराने नियम मोडला की अवमानाची नोटीस आणि कंपनीला नियम झेपला नाही की सूट! सरकार हा त्रिपक्षातला तिसरा पक्ष निःपक्षपाती आहे, यावर कामगाराचा विश्वास बसावा तरी कसा?

हेच दृश्य आपण एसटीच्या संपात पाहिले. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरपासून एप्रिल २०२२ पर्यंत आपल्या इंदापूर-बारामतीच्या आगारांसह राज्यभर एसटीची चाके थांबली. तेथे कामगारांचा महामंडळावर विश्वास नव्हता, सरकारवर नव्हता आणि स्वतःच्या जुन्या मान्यताप्राप्त युनियनवरही उरला नव्हता. ही शेवटची गोष्ट सर्वांत धोकादायक आहे. आपल्या प्रतिनिधीवरचा विश्वास उडाला, की कामगार त्या क्षणी जो मोठ्याने बोलेल त्याच्या मागे जातो आणि नंतर निलंबनाची नोटीस एकट्याने वाचत बसतो.

तेव्हा चळवळीने काय करावे? आमच्या मते चार गोष्टी तातडीच्या आहेत. पहिली, प्रत्येक वाटाघाटीच्या सुरुवातीलाच मालकाच्या प्रतिनिधीकडून निर्णयाचे लेखी अधिकारपत्र मागावे आणि प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त त्याच दिवशी दोन्ही बाजूंच्या सहीने पुरे करावे. 'साहेबांना विचारून सांगतो' हे वाक्यही इतिवृत्तात यावे. दुसरी, पगारकपात मागणाऱ्याकडून ताळेबंद मागावा. संविधानाच्या ४३-अ अनुच्छेदात कामगारांच्या व्यवस्थापनातील सहभागाचे तत्त्व १९७६ पासून लिहिलेले आहे, ते भाषणापुरते राहू नये. तिसरी, कंत्राटी आणि मुदतबंद कामगारांना युनियनचे सदस्य करून घ्यावे. वाटाघाटीचा हक्क ५१ टक्क्यांवर ठरणार असेल, तर ज्यांची संख्या जास्त त्यांना बाहेर ठेवणारी युनियन स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेईल.

चौथी गोष्ट आपल्या घरातली आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या कर्मचारी संघटनांनी बिंदुनामावली, अनुशेष आणि जयंती एवढ्यापुरते स्वतःला मर्यादित करून घेतले. पगार, कंत्राट आणि खाजगीकरण हे विषय त्यांनी सर्वसाधारण युनियनांवर सोडले आणि त्या युनियनांनी आरक्षण आपल्यावर सोडले. एअर इंडिया विकली गेली तेव्हा बिंदुनामावलीची वही हातात राहिली आणि ज्या नोकऱ्यांची ती वही होती त्या गेल्या. मनमाडला फेब्रुवारी १९३८ मध्ये रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले होते. आपण एकाशी लढताना दुसऱ्याच्या दारात उभे राहिलो.

व्यवस्थापनाने विश्वास ठेवा म्हणून विनंती केल्याने विश्वास निर्माण होत नाही. समोरच्याने शब्द फिरवला तर आपणही त्याला काही किंमत मोजायला लावू शकतो, एवढी ताकद हाती असली की मगच दोघे एकमेकांचे म्हणणे नीट ऐकतात. नव्या संहितेखाली आस्थापना-आस्थापनांत आता वाटाघाटीच्या संघटना ठरतील, सदस्यसंख्या मोजली जाईल. इंदापूर, बारामती, भिगवण, कुरकुंभ येथील प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या कारखान्यातील कंत्राटी कामगारांची यादी या महिन्यातच करायला घ्यावी. मोजणीच्या दिवशी आपली माणसे यादीत नसतील, तर पुढची कित्येक वर्षे टेबलावर आपल्याविषयी बोलले जाईल, आपल्याशी नाही.